राखीव

जिमखान्याच्या खोलीत ट्रॉफ्यांच्या कपाटाला कुलूप आहे,
किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही.
आम्ही सहा जण. मध्ये बिस्किटांची बशी.
विषय क्रमांक तीन :
फुटबॉल प्रशिक्षक श्री. दौलत इंगवले यांना
पुढे ठेवणे अथवा न ठेवणेबाबत.

विषय क्रमांक दोन पाण्याच्या टाकीचा होता.
तो दोन मिनिटांत मंजूर झाला.

सात सामने. एक बरोबरी, बाकी सगळे गेले.
शेवटचा तर शाहू स्टेडियमवर, चार-शून्य.
तिसऱ्या गोलनंतर आपलीच पोरं उठून सोडा प्यायला गेली,
जी थांबली ती ओरडत होती, "मास्तर, घरला जावा!"
दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात, प्रकाशाच्या वक्रीभवनावर
कुणीतरी खडूनं लिहिलं : इंगवले हटाव.
मी पुसलं. आकृतीही पुसली गेली.

शिरोलीच्या फौंड्रीचे मालक म्हणतात,
काळ बदलला साहेब. बेंगळुरूचा एक मुलगा आहे, लायसन्सवाला,
लॅपटॉपवर खेळ समजावतो.
जर्सीचे, बुटांचे, बसचे पैसे यांचे.
पुतण्या यांचा, डाव्या बाजूला खेळतो.
म्हणजे बसतो. मास्तर त्याला उतरवत नाहीत.
हे इतिवृत्तात येणार नाही.

आणि खरं सांगायचं तर मास्तरही चुकतात.
लांब मार, वर बघ, पळ :
पस्तीस वर्षं एवढीच व्यूहरचना.
मागच्या महिन्यात मुजावरचा गुडघा सुजलेला असताना
त्याला खेळवलं. तो अजून लंगडतोय.
शिव्या देतात. पोरं आता शिव्या खात नाहीत,
खाऊही नयेत.
नावं विसरतात. परवा मला "गवळी" म्हणाले.
गवळी माझ्या आधीच्या बॅचचा.

मी तीन वर्षं राखीव गोलकीपर होतो.
एकोणचाळीस सामने, शून्य मिनिटं.
दर मध्यंतराला म्हणायचे, "निगवेकर, अंग गरम कर."
मी कडेकडेनं पळायचो, फक्कीच्या रेषेवर पाय न देता,
आणि आईनं धुतलेली जर्सी
तशीच घडीची घरी न्यायचो.
शेवटच्या दिवशी धीर करून विचारलं, का?
"तू वाईट न्हवतास रे. सासने तुझ्यापेक्षा बरा हुता. एवढंच."
त्या रात्री रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
मी त्यांना पोटभर शिव्या घातल्या.
त्यानंतरच्या बावीस वर्षांत इतकं सरळ उत्तर
मला कुणी दिलेलं नाही.
बढतीच्या वेळी तर नाहीच.

"हात वर करूनच घेऊया," प्राचार्य म्हणतात.
खिडकीतून मास्तर दिसतात, बाहेरच्या बाकावर.
तोच बाक, एका पायाखाली वीट.
गुडघ्यात बॉल धरून हवा भरतायत,
कानाशी नेऊन ऐकतायत, पुन्हा भरतायत.
वाटलं, आत्ता वर बघतील आणि म्हणतील,
निगवेकर, अंग गरम कर.

"काढावं असं ज्यांना वाटतं..."
चार हात.
म्हणजे झालंच.
आता माझा हात असून नसल्यासारखा,
शेवटच्या मिनिटाला, चार-शून्यावर
एखाद्याला हौसेपुरतं मैदान दाखवतात, तसा.

"ठेवावं असं..."
माझे दोन्ही हात वर गेले,
बोटं फाकलेली, कोपरं ताठ,
डोक्यावर आडवा बार असल्यासारखे.
"एकच, सर," क्लार्क हळूच म्हणाला,
"मोजायला घोळ होतो."

बाहेर आलो. मास्तरांनी काही विचारलं नाही.
बॉल जाळीत टाकला, जाळीला गाठ मारली,
मैदानाकडं बघत म्हणाले,
"गवळी, त्यो डावा खांब हलतोय बघ.
वेल्डिंग करून घ्या पुढच्या म्याचच्या आधी.
शिरोलीत कुणी वळखीचं असलं तर."